आयसीयूत शिकायचं आहे? फी भरण्याआधी हे तपासा

‘एमडी अ‍ॅनेस्थेशिया झालं, आता डीएमची तयारी करू की सरळ आयडीसीसीएमला जाऊ?’ ‘जीएनएम करून आयसीयूतच नोकरी करते आहे, पोस्ट बेसिक केलं तर पगार वाढेल का?’ ‘एमबीबीएसनंतर थेट क्रिटिकल केअरला जाता येतं का?’ अतिदक्षता विभागातल्या प्रशिक्षणाबद्दल डॉक्टर आणि नर्सेस सारखे हेच प्रश्न विचारतात. मे-जून जवळ आला आणि जाहिराती झळकू लागल्या, की विचारणा आणखी वाढते.

गोंधळ होण्याचं कारण साधं आहे. दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. पहिला प्रश्न, हाती पडणाऱ्या कागदाला मान्यता कोणाची? दुसरा, ज्या आयसीयूत वर्ष-दोन वर्षं उभं राहायचं, तिथे शिकवणारं कोणी आहे का? पहिल्या उत्तरावर तुम्हाला कोणतं पद मिळेल हे ठरतं. पहाटे तीन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की तुम्हाला काय सुचेल, हे दुसऱ्यावर ठरतं. दोन्ही तपासल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात आणि दुसरा प्रश्न रुजू झाल्यावर, फार उशिरा, विचारतात.

डॉक्टरांसाठी कोणत्या वाटा आहेत?

- डीएम क्रिटिकल केअर मेडिसिन. एमडी किंवा डीएनबीनंतर तीन वर्षांचा सुपर स्पेशालिटी अभ्यासक्रम. भूलशास्त्र, मेडिसिन, श्वसनविकार, इमर्जन्सी मेडिसिन अशा शाखांतून इथे येता येतं. प्रवेश नीट-एसएसमधून होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, म्हणजे एनएमसीची मान्यता असल्याने ही पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवता येते. वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे अध्यापक व्हायचं असेल, तर हाच सरळ रस्ता.
- डॉ.एनबी क्रिटिकल केअर. हाही तीन वर्षांचाच आणि प्रवेशही नीट-एसएसमधूनच. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची असते. बऱ्याच जागा मोठ्या खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत आहेत. पूर्वी याच मंडळाची एफएनबी ही दोन वर्षांची फेलोशिप होती, त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांच्या नावापुढे ती दिसेल.
- आयडीसीसीएम आणि आयएफसीसीएम. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन, म्हणजे आयएससीसीएम, ही संस्था १९९३ साली मुंबईत स्थापन झाली. डिप्लोमा आणि त्यापुढची फेलोशिप तिच्या शैक्षणिक शाखेकडून दिली जाते. देशात आज आयसीयू सांभाळणाऱ्या तज्ज्ञांपैकी फार मोठी संख्या याच वाटेने घडली आहे आणि खासगी रुग्णालयांत या कागदाला मान आहे. पण ही एनएमसीची पदवी नव्हे. अतिरिक्त पात्रता म्हणून ती नोंदवता येत नाही आणि तिच्या आधारावर सुपर स्पेशालिटीच्या अध्यापकपदासाठी अर्ज करता येत नाही.
- विद्यापीठाची फेलोशिप. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ मान्यताप्राप्त रुग्णालयांमधून फेलोशिप आणि सर्टिफिकेट कोर्स चालवतं. ज्या रुग्णालयाची जाहिरात पाहिलीत, त्याचं नाव चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर पाहा.

एमबीबीएसनंतर लगेच आयसीयूत जायचं असेल, तर आयएससीसीएमचा सर्टिफिकेट अभ्यासक्रम आहे. आयसीयूचं काम शिकायला त्याचा चांगला उपयोग होतो, पण त्याने तुम्ही इन्टेन्सिव्हिस्ट होत नाही. एमडीची तयारी चालू ठेवून वर्षभर आयसीयूत काम करायचं असेल तर तो जरूर करा. एमडी टाळण्यासाठी करणार असाल, तर पाच वर्षांनी तुम्ही आहात त्याच जागी, त्याच पगारावर असाल.

मग डीएम की आयडीसीसीएम? सरकारी किंवा शैक्षणिक नोकरी, अध्यापन आणि संशोधन डोळ्यांसमोर असेल तर डीएम किंवा डॉ.एनबी. वय, घरची जबाबदारी किंवा पुन्हा तीन वर्षं विद्यार्थी होण्याची तयारी नसणं, डीएम न करण्याची ही कारणंही खरी आहेत. आणि काम खासगी रुग्णालयातच करायचं असेल, तर आयडीसीसीएम तुम्हाला वर्षभरात उभं करतं. नीट-एसएसमध्ये मनासारखी जागा मिळाली नाही म्हणून दोन वर्षं घरी बसून पुन्हा पुन्हा परीक्षा देण्यापेक्षा चांगल्या आयसीयूत आयडीसीसीएम करत अभ्यास करणं केव्हाही बरं. खाटेजवळ रोज उभं राहणाऱ्या डॉक्टरला परीक्षेतले प्रश्नही वेगळे समजतात.

नर्सेससाठी कोणत्या वाटा आहेत?

नर्सेसना इथे जास्त फसवलं जातं, म्हणून नीट वाचा.

- पोस्ट बेसिक डिप्लोमा इन क्रिटिकल केअर नर्सिंग. भारतीय परिचर्या परिषदेचा, म्हणजे आयएनसीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. जीएनएम आणि बीएस्सी दोघांनाही खुला. नोंदणी आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. तो राज्य परिषदेत अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवता येतो. आयसीयूत राहायचं ठरलं असेल आणि एकच कोर्स करायचा असेल, तर हा करा.
- नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. बीएस्सीनंतर दोन वर्षांचा, एमएस्सीच्या दर्जाचा निवासी अभ्यासक्रम. आधी एक वर्षाचा अनुभव लागतो. यात वर्गातले तास कमी आणि वॉर्डातले फार जास्त असतात. शिकायला याच्याइतकं खोल दुसरं काही नाही. मात्र नर्स प्रॅक्टिशनर या नावाची स्वतंत्र पदं सगळीकडे निर्माण झालेली नाहीत. त्यामुळे प्रवेशाआधी त्याच संस्थेच्या मागच्या बॅचमधल्या दोघीतिघींशी बोला आणि त्या आज कोणत्या पदावर, किती पगारावर आहेत हे विचारा.
- एमएस्सी नर्सिंग, मेडिकल-सर्जिकल. अध्यापनाकडे किंवा नर्सिंगच्या प्रशासनाकडे जायचं असेल तर.
- आयडीसीसीएन. आयएससीसीएमचा नर्सेससाठीचा डिप्लोमा. नोकरी करत करत शिकण्याची सोय हा याचा मोठा फायदा. खासगी रुग्णालयांत उपयोगी, पण परिषदेत नोंदवण्याची पात्रता म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

सरकारी सेवेतल्या सिस्टर आणि ब्रदरनी आधी आपल्या आस्थापनेकडे प्रतिनियुक्ती किंवा अभ्यासरजेची चौकशी लेखी करावी. तोंडी विचारलं की ‘स्टाफ नाही’ हेच उत्तर मिळतं. लेखी अर्जावर आवक क्रमांक पडतो आणि पुढच्या वर्षी तो दाखवता येतो.

संस्था आयएनसी आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोन्हींच्या यादीत आहे का, तेही चालू शैक्षणिक वर्षासाठी आहे का, हे स्वतः तपासा. ‘मान्यता प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलं, तर ती मान्यता आज नाही असाच त्याचा अर्थ घ्या.

आयसीयू कसा पारखायचा?

बहुतेक माहितीपत्रकांत खाटांची आणि व्हेंटिलेटरची संख्या ठळक छापलेली असते. शिकवण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. परवानगी घेऊन एकदा तिथे जा, शक्यतो ड्यूटी बदलण्याच्या वेळी, आणि एका कोपऱ्यात उभं राहून सिस्टर ओव्हर कशी देतात-घेतात ते बघा.

चांगल्या आयसीयूत ओव्हर खाटेजवळ होते, काउंटरवर नाही. घेणारी सिस्टर आधी पेशंटकडे बघते, मग फाइलकडे. श्वासनळीतली ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे हे ती स्वतः वाचते आणि चार्टवरच्या आकड्याशी ताडून घेते. कफचा दाब मोजलेला असतो, वीस ते तीसच्या दरम्यान. खाटेचं डोकं वर उचललेलं असतं. मग ती सिरिंज पंपांकडे वळते. प्रत्येक सिरिंजवर औषधाचं नाव, प्रमाण, तयार केल्याची वेळ आहे का? नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज संपत आलेली असेल तर दुसरी भरून शेजारच्या पंपावर तयार ठेवलेली दिसते. कारण हे औषध काही मिनिटं जरी थांबलं, तरी शॉकमधल्या पेशंटचा रक्तदाब कोसळतो. शेवटी अलार्मच्या मर्यादा. कोणीतरी त्रास नको म्हणून अलार्म बंद करून ठेवला असेल, तर अशी सिस्टर तो आधी चालू करते आणि मग सही करते. सगळं मिळून एका पेशंटला पाच-सात मिनिटं लागतात. हे जिथे रोज घडतं तिथे तुम्ही शिकाल. जिथे ‘तीन नंबर स्टेबल, चार नंबर व्हेंटवर, बाकी सेम’ एवढ्यात ओव्हर आटोपते, तिथे कितीही महाग व्हेंटिलेटर असोत, तुमचं एक वर्ष वाया जाईल.

डॉक्टरांनी असंच रात्रीबद्दल विचारावं. व्हेंटिलेटरचा दाबाचा अलार्म वाजतो, ऑक्सिजन नव्वदच्या खाली घसरतो. अशा वेळी पेशंटला मशिनपासून सोडवून अंबू बॅगने हाताने श्वास द्यायचा असतो. बॅग सहज दाबली गेली तर दोष मशिनमध्ये किंवा सर्किटमध्ये. घट्ट लागली तर ट्यूबमध्ये किंवा छातीत: ट्यूब चावली गेली आहे, कफाने बुजली आहे, एका फुप्फुसात सरकली आहे, नाही तर छातीत हवा भरली आहे. हा क्रम पुस्तकात अर्ध्या पानाचा आहे. हाताला तो लागतो तेव्हाच, जेव्हा पहिल्या काही वेळा कोणी जाणकार शेजारी उभा असतो. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: रात्री सीनियर कुठे असतात? इमारतीत, की फोनवर?

हे प्रश्नही लिहून न्या:

- पूर्णवेळ इन्टेन्सिव्हिस्ट किती? ज्यांची नावं अध्यापक म्हणून दिली आहेत ते इथेच रोज राऊंड घेतात, की आठवड्यातून एकदा भेट देतात?
- व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्वतंत्र नर्स मिळते का? आयएनसीचा निकष प्रत्येक शिफ्टमध्ये एका पेशंटमागे एक नर्स असा आहे. एक सिस्टर व्हेंटिलेटरवरचे तीन-चार पेशंट बघत असेल, तर तिथे शिकवायला कोणालाच सवड नाही.
- सेंट्रल लाइन, इंट्युबेशन, ट्रॅकिऑस्टॉमी, अल्ट्रासाउंड हे स्वतः करायला मिळतं, की बघायला? मागच्या बॅचचं लॉगबुक बघायला मागा.
- संसर्गाची नोंद ठेवतात का? सेंट्रल लाइनमुळे होणारा जंतुसंसर्ग, व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया यांचे आकडे दर महिन्याला स्टाफसमोर मांडले जातात का? हे आकडे लपवणारा आयसीयू चुकाही लपवतो.
- मेंदू-मृत्यू प्रमाणित होतो का? अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यानुसार ठरलेल्या डॉक्टरांच्या समितीने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायची असते. हे एकदा तरी डोळ्यांनी बघायला मिळायला हवं.
- नातेवाइकांशी बोलताना तुम्हाला सोबत घेतात का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, तसा तो नाही. ‘आता आणखी उपचार करून उपयोग नाही’ हे घरच्यांना कसं सांगायचं, हे कोणी शिकवलं नाही, तर आयुष्यभर चाचपडत राहाल. त्यात आता कायद्याचीही बाजू आहे. उपचार थांबवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिलेली प्रक्रिया जानेवारी २०२३मध्ये सुटसुटीत केली. प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळं लागतात आणि त्यांतल्या तज्ज्ञांना किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. आगाऊ इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. गोव्याने २०२४मध्ये याच्या अंमलबजावणीत पुढाकार घेतला. तुम्ही शिकत असलेल्या रुग्णालयात ही मंडळं प्रत्यक्षात आहेत का, ते विचारा. अनेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येईल, पण उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहून या विषयावर तिथे कधी बोलणं झालं आहे की नाही, ते कळेल.

मोठ्या शहरातलंच रुग्णालय हवं असा हट्ट मात्र धरू नका. विंचूदंशावर प्राझोसिन किती परिणामकारक ठरतं हे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडसारख्या लहान गावात काम करत दाखवलं आणि ते जगाने वाचलं. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, लेप्टो, धनुर्वात, बाळंतपणातला रक्तस्राव हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या आयसीयूत जितकं बघायला मिळतं, तितकं कॉर्पोरेट रुग्णालयात मिळत नाही. शिकवणारा एक माणूस आणि नीट ठेवलेल्या नोंदी असतील, तर वीस खाटांच्या त्या आयसीयूत जा. सोबत डॉ. फारोख उडवाडिया यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ क्रिटिकल केअर’ ठेवा. आपल्याकडच्या आजारांचा विचार करून लिहिलेलं ते पुस्तक आहे.

दोन दिवसांचे कोर्स कधी करायचे?

बीएलएस आणि एसीएलएस रुजू होण्याआधी करा. त्यांच्या कार्डाची मुदत दोन वर्षं असते, म्हणून नोकरीचा अर्ज करताना ती संपलेली नाही ना हे बघा. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेचेही स्वतःचे कोर्स आहेत. जिथे नोकरी करणार त्या रुग्णालयाला कोणतं कार्ड चालतं, ते आधी विचारून मगच फी भरा. एफसीसीएस हा दोन दिवसांचा कोर्स आयसीयूत नव्याने येणाऱ्या डॉक्टर-नर्स दोघांनाही उपयोगी आहे.

व्हेंटिलेटरची कार्यशाळा मात्र आयसीयूत दोन-तीन महिने काढल्यावरच करा. आधी केलीत तर आलेख पाठ होतील आणि आठवड्यात विसरतील. महिन्याला एक कार्यशाळा करून भिंतभर प्रमाणपत्रं लावणारे काही जण दिसतात. मुलाखत घेणारा ती बघत नाही, तो विचारतो की या वर्षी तुम्ही किती पेशंट व्हेंटिलेटरवरून उतरवलेत.

इथे फसगत होते

*‘फेलोशिप’ हा शब्द.* तो कोणीही वापरू शकतं. ऑनलाइन व्हिडिओ आणि एक परीक्षा एवढ्यावर मिळणारी क्रिटिकल केअर फेलोशिप कोणत्याही परिषदेत नोंदवता येत नाही. परदेशी विद्यापीठाचं नाव जोडलेलं असेल, तर ते विद्यापीठ पदवी देतं आहे की केवळ हजेरीचं प्रमाणपत्र, हे पत्रातल्या शब्दांत वाचा.

*शिक्षणाच्या नावाखाली ड्यूटी.* काही ठिकाणी जागा भरतात त्या आरएमओ स्वस्तात मिळावा म्हणून. ओळखायची खूण सोपी आहे: शैक्षणिक वेळापत्रक मागा. केस प्रेझेंटेशन, जर्नल क्लब, शिकवण्याचे तास ठरलेल्या वारांना होतात का, हे आत्ता शिकत असलेल्यांना एकट्याने भेटून विचारा. विभागप्रमुखांसमोर ते खरं बोलणार नाहीत.

*दुसऱ्या पॅथीच्या डॉक्टरांनी आयसीयू सांभाळणं.* लहान रुग्णालयांत बीएचएमएस, बीएएमएस डॉक्टर रात्रीचा आयसीयू बघतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यापैकी अनेक जण मेहनती आणि हुशार आहेत, म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवं. मुंबईतल्या पूनम वर्मा प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा ठरवला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम हे आयसीयूचं प्रशिक्षण नव्हे. काही विपरीत घडलं, तर रुग्णालयाच्या मालकाआधी केसपेपरवर सही करणारा अडकतो. तुमच्या ड्यूटीचं स्वरूप आणि कोणाच्या देखरेखीखाली काम करता हे नियुक्तिपत्रात लिहून घ्या. ते लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर ती ड्यूटी घेऊ नका.

*मूळ कागदपत्रं ठेवून घेणं.* प्रवेशाच्या वेळी पडताळणीसाठी मूळ कागद दाखवा, परत घ्या. ठेवून घेणं अपरिहार्यच असेल तर यादीसह सही-शिक्क्याची पोच घ्या. नोकरीसाठी ‘सिक्युरिटी’ म्हणून मूळ प्रमाणपत्र किंवा नोंदणीचा कागद कोणालाही देऊ नका. साक्षांकित प्रत पुरते.

बॉण्ड, पगार, सुट्टी: हक्काचं काय?

डीएम आणि एमडीच्या विद्यार्थ्यांना एनएमसीच्या २०२३च्या पदव्युत्तर नियमांचा आधार आहे. त्यात वाजवी कामाचे तास आणि दिवसात विश्रांतीची वाजवी वेळ, वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी किरकोळ रजा, पाच दिवसांची शैक्षणिक रजा आणि राज्य सरकारी संस्थांच्या बरोबरीचं विद्यावेतन या गोष्टी आहेत. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे नियमात लिहिलेलं नाही, ही त्याची कमजोरी. म्हणून ड्यूटीचा तक्ता जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. आयडीसीसीएम किंवा खासगी फेलोशिप करणाऱ्यांना हे नियम लागू होत नाहीत. त्यांचे तास, रजा आणि पगार कराराच्या कागदावर असतील तेवढेच. सरकारी सुपर स्पेशालिटी जागेचा बॉण्ड किती मुदतीचा आणि मोडल्यास दंड किती, हे जागा निवडण्याआधी वाचा, प्रवेश झाल्यावर नव्हे.

नर्सेससाठी दोन गोष्टी. शिक्षणानंतर सक्तीने नोकरी करायला लावणारा सेवा-बॉण्ड शोषण करणारा आहे, अशी भूमिका आयएनसीने घेतलेली आहे. पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून केंद्राने २०१६मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या:

- २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या नर्सेसइतका पगार
- १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी
- ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी
- ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २० हजारांच्या खाली नाही

अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली असल्याने हे आकडे बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिले आहेत. तरीही मुलाखतीत ते माहीत असणं आणि शांतपणे उच्चारणं याचा उपयोग होतो. एकटीने नको, चौघींनी मिळून विचारलंत तर जास्त.

आयसीयूत काम सुरू करण्याआधी हेपटायटिस-बीची लस पूर्ण करा आणि रुग्णालयाने ती मोफत द्यावी असा आग्रह धरा. सुई टोचली तर लाजून लपवू नका. एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध शक्य तितक्या लवकर, दोनएक तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. घटना नोंदवहीत लिहूनच घरी जा. नातेवाइकांनी अंगावर हात टाकला, तर महाराष्ट्राचा २०१०चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार तुमच्या नावावर नव्हे, संस्थेने संस्थेच्या नावावर द्यावी, असं आधीच ठरवून ठेवा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं लावलेली दिसत नसतील, तर मागा.

आगीचं प्रशिक्षण वेगळं मागून घ्या

२०२१ या एका वर्षात महाराष्ट्राने रुग्णालयांतल्या अनेक आगी पाहिल्या. त्यांतल्या या तीन. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं गेली. एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयाचा आयसीयू जळला. सहा नोव्हेंबरला अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत अकरा जण दगावले, आणि त्यानंतर एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. इमारत, वायरिंग, अग्निशमन यंत्रणा यांतलं काहीच नर्सच्या हातात नसतं. तरी पोलीस आधी ड्यूटीवरच्या माणसाकडे येतात.

म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे बघून घ्या: आपल्या विभागाचा ऑक्सिजन बंद करायची कळ कुठे आहे, ती कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून फिरवायची, अग्निशामक कुठे टांगला आहे, व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोणत्या दाराने बाहेर काढायचा आणि तेव्हा अंबू बॅग कोणाच्या हातात असेल. दार कुलूपबंद असेल किंवा त्यासमोर जुन्या खाटा रचलेल्या असतील, तर इन्चार्ज सिस्टरमार्फत लेखी कळवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. ज्या संस्थेत मॉक ड्रिल होत नाही, तिथे ते घ्यायला लावणं हाही तुमच्या शिक्षणाचाच भाग समजा.

परदेशी जायचं असेल तर

आखाती देशांसाठी पदवीइतकंच अनुभवाच्या पत्राला महत्त्व असतं. त्यात ‘स्टाफ नर्स’ एवढंच लिहिलेलं नको. विभाग आयसीयू, खाटा किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं हवं. तिथले परवाना विभाग ही माहिती मूळ संस्थेकडून पडताळून घेतात, म्हणून वाढवून लिहिलेला अनुभव पकडला जातो आणि पुढची दारं बंद होतात. ब्रिटनला जाणाऱ्या नर्सेसना इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची चाचणी आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा अशा तीन पायऱ्या आहेत. तिथल्या आचारसंहितेनुसार नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. भारतातला नोंदणीकृत एजंटही ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

डॉक्टरांना युरोपच्या संस्थेची ईडिक परीक्षा भारतात काम करत देता येते. अभ्यासाला शिस्त लागते म्हणून ती चांगली. ती पास झालात म्हणून परदेशात काम करण्याचा परवाना मिळत नाही.

नोंदणी चालू ठेवा

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. नर्सेससाठी पाच वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण अपेक्षित आहे. हे शेवटच्या महिन्यात परिषदांच्या पावत्या-प्रमाणपत्रं गोळा करून पूर्ण करण्याऐवजी दरवर्षी आयसीयूच्याच विषयांवर विभागून करा. नवी पात्रता मिळाली की ती लगेच अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घ्या. कोर्स पूर्ण करूनही तो वर्षानुवर्षं न नोंदवलेले अनेक जण आहेत, आणि बढतीच्या वेळी तो धरला जात नाही. आज घरी गेल्यावर नोंदणीचा कागद काढा आणि मुदतीची तारीख बघा. ती उलटून गेली असेल, तर पुढची ड्यूटी घेण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा.